कढीपत्त्यावरचं फुलपाखरू आणि एक चुकलेली चिठ्ठी

प्रयोगशाळेतल्या कपाटावरची काचेची पेटी आठवते का? डांबरगोळ्यांचा वास, थर्माकोलवर टाचण्यांनी टोचलेली फुलपाखरं आणि प्रत्येकाखाली इवलीशी चिठ्ठी. मेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही चौघी-पाचजण शाळेत गेलो तेव्हा ती पेटी अजून तिथेच होती. बारापैकी सहा फुलपाखरं शिल्लक होती. त्यातल्या एका काळ्या फुलपाखराखाली माझ्या आठवीतल्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं : ‘कॉमन रोझ’.

ती चिठ्ठी चुकीची आहे. आणि ती चुकीची आहे हे मला १९९२ सालीच एकीनं सांगितलं होतं.

झालं असं होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी मी ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यातल्या चित्राशी माझं फुलपाखरू ताडून पाहिलं. काळे पंख, मागच्या पंखावर मधोमध पांढरा ठिपका, कडेला लाल चंद्रकोरी, खाली शेपटी. जुळलं! पण वर्गातली एक मैत्रीण (नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही) म्हणाली, “हे ते नाही. हे आमच्या परसातल्या कढीपत्त्यावरचं आहे. मी कोशातून बाहेर येताना बघितलंय. याचं अंग काळं आहे बघ.” मी पुस्तक तिच्यासमोर आपटलं. पुस्तकात छापलंय ते खोटं का? चार मुली हसल्या, ती गप्प झाली. मला दुसरं बक्षीस मिळालं.

पुढे इंजिनियरिंग, मग नोकरी, यात फुलपाखरं सुटली. चाळिशीत पुन्हा कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे लागले आणि एका रात्री या काळ्या फुलपाखराचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं, की मी केलेली चूक फार थोरामोठ्यांनी करून ठेवलेली आहे. तो इतिहास इथे सांगते.

ज्या फुलपाखरांच्या मागच्या पंखांना भिंगरी पक्ष्याच्या शेपटीसारखं टोक असतं, त्यांच्या कुळाला इंग्रजीत स्वॅलोटेल म्हणतात. मोठी, देखणी, उष्ण प्रदेशात भरभरून आढळणारी. त्यामुळे संग्राहकांचा त्यांच्यावर पहिल्यापासून डोळा. अठराव्या शतकात आशियाकडून युरोपात परतणाऱ्या जहाजांतून मसाल्यांबरोबर वाळलेली फुलपाखरंही जात. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५८ साली आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्यांना नावं दिली ती अशीच, पेट्यांतल्या नमुन्यांवरून. त्यानं इथली जिवंत फुलपाखरं पाहिली नव्हती, ती काय खातात हे त्याला ठाऊक नव्हतं.

नावं देताना लिनियसनं एक गंमत केली. या मोठ्या फुलपाखरांना त्यानं ‘सरदार’ ठरवलं आणि ट्रोजन युद्धातल्या दोन्ही बाजूंची नावं त्यांना वाटून टाकली. छातीवर रक्तासारखे लाल ठिपके असलेली काळी फुलपाखरं ट्रॉयच्या बाजूची, बाकीची ग्रीकांच्या. आपल्याकडचं ‘क्रिमझन रोझ’ झालं हेक्टर. पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ असलेल्या काळ्या फुलपाखराला त्यानं नाव दिलं पॅमॉन, आणि पांढरा डाग व लाल चंद्रकोरी असलेल्याला पॉलिटीस. हे दोघे ट्रॉयच्या राजा प्रायमचे मुलगे, म्हणजे सख्खे भाऊ.

आता खरी गोष्ट अशी की पॅमॉन हा नर आणि पॉलिटीस ही त्याच जातीची मादी. लिनियसनं नवराबायकोला भाऊ-भाऊ ठरवलं होतं! पुढे १७७५ च्या सुमारास डच संग्राहक पीटर क्रामरनं आणखी एका लालभडक फुलपाखराला रोम्युलस असं नाव दिलं. तीही याच जातीची मादी, फक्त वेगळा पोशाख घातलेली. एकाच घरातली माणसं तीन वेगळ्या आडनावांनी नोंदली गेली.

हा गुंता सोडवण्यात सर्वात मोठा वाटा आल्फ्रेड रसेल वॉलेसचा. हा गरीब घरचा माणूस, पदवी नाही, घरची इस्टेट नाही. नमुने गोळा करून लंडनमधल्या एजंटामार्फत विकायचे आणि त्या पैशावर पुढचा प्रवास करायचा, हा त्याचा उदरनिर्वाह. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं तो मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या मलेशिया-इंडोनेशियात फिरला आणि एकूण १,२५,६६० नमुने घेऊन परतला. त्यातले बरेचसे सारवाकचा अली नावाचा तरुण आणि इतर स्थानिक मदतनीस यांनी जमवलेले होते. बाचान बेटावर सोनेरी-नारिंगी रंगाचं एक प्रचंड बर्डविंग फुलपाखरू जाळीत आलं तेव्हा वॉलेसचं काळीज इतकं धडधडलं की आता घेरी येते की काय असं त्याला वाटलं, आणि उरलेला दिवस डोकेदुखीत गेला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. संध्याकाळी चार ओळींचा कोड अखेर चालला की माझंही असंच होतं, पण ते कोणी प्रवासवर्णनात घालत नाही.

वॉलेस नमुना कुठे सापडला हे काटेकोरपणे नोंदवायचा आणि एकाच फुलपाखराचे ढीगभर नमुने जमवायचा. एक-दोन नमुने असले की ते दोन जातींचे वाटतात. शेकडो मांडले की मधले दुवे दिसू लागतात. लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे १८६४ साली वाचलेल्या आणि पुढच्या वर्षी छापलेल्या निबंधात त्यानं सांगितलं, की या जातीचा नर एकाच रूपाचा असतो, पण मादीची रूपं अनेक. एक नरासारखी. एक कॉमन रोझच्या वळणाची. आणि भारतात, जिथे हेक्टर राहतो, तिथे तिसरी हेक्टरसारखी. आश्चर्य हे की एकाच आईच्या अंड्यांतून ही वेगवेगळी रूपं निघू शकतात. हे वाचकांच्या गळी उतरवायला त्यानं दूरच्या बेटावरच्या एका काल्पनिक इंग्रज गृहस्थाचं उदाहरण घेतलं : त्याला वेगवेगळ्या वर्णाच्या बायका, मुलगे सगळे बापावर गेलेले, मुली मात्र कुठल्याही आईवर! व्हिक्टोरियन सभागृहात हे ऐकताना लोकांचे चेहरे कसे झाले असतील? पुढे या फुलपाखराला इंग्रजीत ‘कॉमन मॉर्मन’ नाव पडलं तेही याच विनोदातून, त्या काळच्या मॉर्मन पंथातल्या बहुपत्नीत्वावरून. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली मान मिळालेलं ‘ब्लू मॉर्मन’, हे त्याच्याच गोतावळ्यातलं.

मादीला हे सोंग का घ्यावं लागतं? कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांच्या अळ्या सापसंदाच्या वेलीवर वाढतात. त्या वेलीतलं विष त्यांच्या अंगात उतरतं आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या अळ्या खातात लिंबू, बेल, कढीपत्ता. त्या पानांतून असलं संरक्षण मिळत नाही. म्हणून मादी विषारी फुलपाखराचा वेष घेते. हेन्री बेट्सनं ॲमेझॉनमधल्या फुलपाखरांवरून हा नकलेचा सिद्धांत १८६२ मध्ये मांडला होता; वॉलेसनं आशियात त्याचा हा पुरावा दिला. नक्कल पंखांवर हुबेहूब उतरते, पण अंग तेवढं राहून जातं. खऱ्या रोझचं डोकं आणि पोट लाल असतं, मॉर्मनच्या मादीचं काळं. कुठलंही पुस्तक न उघडता माझी मैत्रीण नेमकं हेच सांगत होती.

तरी वॉलेसचा पुरावा शेवटी पेटीतलाच. खात्री हवी तर अंडी घालून घ्यायची, अळ्या वाढवायच्या आणि काय निघतं ते पाहायचं. ते काम सिलोनमध्ये फ्रायर नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं केलं. पिढ्यान् पिढ्या कॉमन मॉर्मन पाळून त्यानं १९१४ साली प्रसिद्ध केलं, की मादीचं रूप मेंडेलच्या नियमांनी ठरतं आणि नरही ते गुण पुढे देतो, फक्त स्वतःच्या पंखांवर दाखवत नाही.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे. लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क यांना स्वॅलोटेल पाळायचा छंद होता. फिलिप शेपर्ड या आनुवंशिकी तज्ज्ञासोबत त्यांनी या कुळातल्या अनेक जातींचे संकर घडवले. कॉमन मॉर्मनवरचा त्यांचा मोठा निबंध १९७२ चा. पंखांच्या नक्षीची आनुवंशिकता आणि माणसाच्या आरएच रक्तगटाची आनुवंशिकता यांत त्यांना साम्य जाणवलं आणि क्लार्क रक्तगटाकडे वळले. आरएच निगेटिव्ह आईच्या पुढच्या बाळाला होणारा घातक आजार टाळणारं अँटी-डी इंजेक्शन साठच्या दशकात लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क इथल्या गटांच्या कामातून आलं. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे. थोरल्या मुलाच्या जन्मानंतर मला ते इंजेक्शन मिळालं. धाकटी आता दहावीला आहे. बाळंतपणाच्या त्या खाटेवर मला कोणी सांगितलं असतं की याच्यामागे फुलपाखरं आहेत, तर मी हसले असते.

गोष्टीचा अलीकडचा भाग २०१४ चा. पंखांच्या नकलेचा रंग, आकार, ठिपके हे सगळं एकदम बदलतं, म्हणजे त्यासाठी शेजारी शेजारी चिकटलेली बरीच जनुकं असणार, असा अनेक वर्षांचा कयास होता. बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि शिकागोचे मार्कस क्रॉनफोर्स्ट यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की हे एकाच जनुकाचं काम आहे. त्याचं नाव डबलसेक्स. कीटकांमध्ये नर-मादी फरक घडवणारं हे जुनंच जनुक. निसर्गानं त्याच्याच वेगळ्या आवृत्तीकडून पंख रंगवण्याचं जादा काम करून घेतलं. माझ्या धंद्यात जुन्या फंक्शनला असं नवं काम चिकटवलं तर रिव्ह्यूत बोलणी बसतात.

नावाचं पुढे काय झालं ते राहिलंच. जात एक म्हटल्यावर शास्त्रीय नावही एकच उरणार. ते ठरलं पॅपिलिओ पॉलिटीस, म्हणजे मादीचं. पॅमॉन हे नाव गेलं. लग्नानंतर नवऱ्याचं नाव बदलल्याचं मला माहीत असलेलं हे एवढं एकच घराणं.

शाळेतून परतल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. बत्तीस वर्षांनी माफी मागायची म्हणजे सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून लिनियसपासूनच केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ती पेटी तिला धड आठवत नव्हती. मुली हसल्याचं मात्र आठवत होतं. कढीपत्त्याचं झाड रस्ता रुंद करताना गेलं, म्हणाली. आता गॅलरीत कुंडीत लावलाय, त्यावरही अळ्या येतात, सुनेला सांगून ठेवलंय की फोडणीला पानं घेताना आधी उलटून बघ.

संग्रहालयात जुनी चिठ्ठी चुकीची निघाली तरी फेकत नाहीत. तिच्याखाली त्याच टाचणीला नवी चिठ्ठी लावतात आणि तिच्यावर ओळख पटवणाऱ्याचं नाव घालतात. शाळेची परवानगी घेऊन आम्ही तसंच केलंय. मेळाव्याला याल तेव्हा वरच्या मजल्यावर जाऊन बघा. वर माझी जुनी चिठ्ठी आहे. खाली नवी : ‘कॉमन मॉर्मन, मादी. पकडल्याची तारीख नोंदलेली नाही.’ पुढे तिचं नाव आणि साल, १९९२.