मनगट लहान, हात मोठा

बदलीच्या नोकरीत नव्या गावी सामान उतरले की घरातील पुरुष शाळेची, दूधवाल्याची आणि वाण्याच्या दुकानाची चौकशी करतात. बायका चौकशी करतात ती कासाराची. परमुलखात कासार कोठून मिळावयाचा? तेथे कोणी मनिहार भेटतो, कोणी चुडीवाला, कोणी शांखारी. प्रत्येकाचा माल निराळा आणि हातात माल भरण्याची तऱ्हाही निराळी. पंचवीस-तीस वर्षे अशी चार मुलखांत काढल्यावर आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. बांगडी हा वरवर साधा दागिना. पण तो घडविणाऱ्यास हजारो वर्षे एकाच अडचणीने छळले आहे. मनगट लहान आणि हात मोठा. जी बांगडी मनगटावर शोभेल एवढी असेल ती पंजावरून चढत नाही. जी सहज चढेल ती तितकीच सहज गळून पडते.

या अडचणीचे माप बाजारात ठरलेले आहे. दुकानदार ‘दोन-चार’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश भाग असा असतो. रुपयाचे सोळा आणे गेले, इंचही कचेरीतून हद्दपार झाले. पण बांगडीच्या दुकानात सोळांशाचा हिशेब शाबूत आहे. दोन-चारची बांगडी आतून सुमारे पावणेसहा सेंटिमीटर भरते. आता मोहेंजोदडोची गोष्ट ऐकावी. तेथे आणि हडप्पा येथे अतिशय घट्ट भाजलेल्या मातीच्या, दगडासारख्या कठीण बांगड्या सापडल्या आहेत. निवडक माती मळून ती बांगडी घडवीत, बंद भांड्यात ठेवीत, भांड्याचे तोंड लिंपून वर मुद्रा उठवीत आणि मगच ते भट्टीत जाई. सरकारी तिजोरीस लाखेचे सील ठोकण्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांना हा बंदोबस्त ओळखीचा वाटेल. या बांगड्यांवर बारीक अक्षरे कोरलेली आहेत आणि ती अजून कोणास वाचता आलेली नाहीत. पण त्यांचा आतला व्यास साडेपाच ते सहा सेंटिमीटर, म्हणजे आजच्या दोन-चारच्या आगेमागेच आहे. चार-साडेचार हजार वर्षांत लिपी हरवली, हाताचे माप हरवले नाही.

कलकत्त्यास आमचे बिऱ्हाड होते तेव्हा शेजारच्या वहिनींच्या हातातील शाखा आम्ही प्रथम जवळून पाहिला. पांढरा शंखाचा शाखा, तांबडा पोला आणि लोखंडी नोआ हे बंगाली सुवासिनीचे लेणे. शंख येई दक्षिणेकडील समुद्रातून, मन्नारच्या आखातातून, आणि कापला जाई ढाक्यास, विष्णुपुरास किंवा कलकत्त्यास. शांखारी जमिनीवर बसे, शंख पायाशी दाबून धरी आणि अर्धचंद्राकृती जड करवत दोन्ही हातांनी मागेपुढे ओढी. आता विजेची यंत्रे आली आहेत. पण सिंधुसंस्कृतीतील शंखाच्या तुकड्यांवर जे चरे राहिले आहेत, त्यांवरून तेव्हाची काशाची करवतही पुष्कळशी याच घाटाची असावी असे संशोधकांनी ताडले आहे. शंखाचे वेटोळे जेथे स्वतःस येऊन मिळते तेथे कड जराशी बिघडते. हडप्पाकालीन कारागिराने नेमक्या त्या जागी कोनाकृती खाच कोरून व्यंगाचेच नक्षीकाम करून टाकले! नवे घाट शोधून काढले असे सांगणाऱ्या आजच्या दुकानदारांची आम्हास गंमत वाटते ती यामुळे. हडप्पाच्या दफनभूमीत कित्येक स्त्रियांच्या डाव्या हातात या बांगड्या तशाच राहिलेल्या आढळल्या.

शंख वाकत नाही, लाख वाकते. जयपूरचा मनिहार किंवा हैदराबादेत चारमिनारजवळच्या लाड बाजारातील कारागीर निखाऱ्यावर लाखेची वळी मऊ करतो, हव्या त्या मापावर वळवितो आणि ऊन असतानाच तोंडास तोंड जोडतो. पुढे माप चुकलेच तर पुन्हा ऊब दिली की झाले. राजस्थान-गुजराथेकडे हस्तिदंती चुडा मनगटापासून दंडापर्यंत चढत्या मापाने भरीत. हस्तिदंताचा व्यापार १९८६ आणि १९९१ च्या कायद्यांनी बंद झाला, तेव्हापासून तेथे प्लॅस्टिक आले. सोनाराने तर अडचण मुळातच सोडविली. त्याने तोड्याचे वर्तुळ कापले आणि मळसूत्री फिरकी बसविली. फिरकी काढा, तोडा उतरवा, पेटीत ठेवा.

काचेस यांपैकी एकही वाट मोकळी नाही. ती एकदा थंड झाली की वाकत नाही, आणि तिला फिरकीही बसत नाही. म्हणून कासाराने बांगडीऐवजी हात वाकविला. अंगठा तळव्यात दाबून, पंजा चेपून, बोलता बोलता तो बांगडी अशी सरकवितो की नववधूच्या डोळ्यांत पाणी येते न येते तोच ती मनगटावर बसलेली असते. आपल्याकडे बांगडी ‘घालीत’ नाहीत, ‘भरतात’. या क्रियापदात कासाराचे सारे कसब आले.

महाराष्ट्रात ही काच किती जुनी, याचा एक चांगला पुरावा कोल्हापुरास आहे. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर डॉ. सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. तेथील बहामनी काळच्या थरात काचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल निघाले. त्यांत एकरंगी होते, तसेच रंगारंगांच्या काचा एकत्र करून केलेलेही होते. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीची बांगडी अखंड असे. तापलेल्या काचेच्या गोळ्यात सळई खुपसून तो फिरवीत, आणि भोक रुंदावले की शंकूसारख्या मातीच्या साच्यावर चढवून हवे ते माप आणीत. आजच्या फिरोजाबादेत काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळतात, ते वेटोळे कापतात आणि एकेका कड्याची तोंडे लहान ज्योतीवर जोडतात. सांधणीचे हे काम पुष्कळसे घरोघरी, दिव्याशी डोळे लावून चालते. सांधा इतका साफ असतो की तो आम्हास तरी कधी दिसला नाही.

सांधा असो वा नसो, काचेच्या बांगडीस बाहेरची वाट नाही. ती सैल असेल तर उतरते. घट्ट भरलेली असेल तर फुटूनच निघते. घरकामात फुटली तर आपल्या बायका ‘फुटली’ असे म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. ‘फोडल्या’ हा शब्द एकाच प्रसंगासाठी राखून ठेवलेला आहे. आमच्या काकूंच्या बांगड्या त्यांच्या वयाच्या सव्विसाव्या वर्षी फोडल्या. त्या पुढे आमच्याच बिऱ्हाडी राहिल्या, आमच्याबरोबर बदलीच्या गावोगाव फिरल्या. एका गावी चुडीवाला दारी आला आणि त्याने रीत न कळून प्रथम काकूंचाच हात धरावयास हात पुढे केला. त्यांनी आपला हात पदराखाली घेतला आणि मुलींना हाका मारल्या. मनगटाजवळ एक पांढरा व्रण होता, तो आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो आणि तो कशाचा हे विचारावयाचे नाही हेही जाणून होतो.

ब्रह्मपुरीच्या तुकड्यांकडे आम्ही तेव्हापासून निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. रंग, घाट आणि जाडी यांवरून पुराणवस्तुशास्त्रज्ञ त्यांचा काळ सांगू शकतो. त्यांतील कोणती वाढली आणि कोणती फोडली, हे मात्र काच सांगत नाही.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. परिपत्रकांचा अंमल कितपत होतो हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. तरीही ते वाचताना आम्ही चष्मा दोनदा पुसला. काकू तेव्हा हयात नव्हत्या.

दिल्लीस असताना एका रविवारी आम्ही त्यांना राष्ट्रीय संग्रहालयात नेले होते. १९२६ साली मोहेंजोदडोस सापडलेली ती सुप्रसिद्ध काशाची नर्तकी तेथे आहे; उंचीने वीतभरही नाही. पुतळी विवस्त्र, म्हणून आम्ही जरा संकोचून पुढच्या दालनाकडे निघालो. काकू मात्र काचेशी वाकून उभ्याच राहिल्या. पुतळीचा उजवा हात जवळजवळ मोकळा, कमरेवर टेकलेला. डावा खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला. काकू बोट न लावता, ओठांतल्या ओठांत मोजीत होत्या. एकदा चोवीस भरल्या, एकदा पंचवीस. पहारेकऱ्याने वेळ संपल्याची सूचना दिली, तेव्हा त्यांची तिसरी मोजणी चालली होती.