मॉर्मन प्रचारक आणि मराठी मुलूख

परदेशी जाऊन धर्मप्रचार करणाऱ्या मनुष्याचे मोल बहुधा त्याला मिळालेल्या अनुयायांच्या संख्येवरून करण्यात येते. हे माप लावले, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई-पुण्यास आलेल्या मॉर्मन प्रचारकांविषयी दोन ओळींहून अधिक लिहिण्याचे कारण उरत नाही. ते आले, दोनतीन वर्षे राहिले, आणि मूठभर माणसे सोबत घेऊन निघून गेले. तथापि आम्हांस असे वाटते की, ज्यांचा हेतू फसला अशा माणसांचा दिनक्रम पुष्कळदा यशस्वी माणसांच्या चरित्राहून अधिक शिकवून जातो. परका मनुष्य एखाद्या मुलखाचा कशाने होतो आणि कशाने होत नाही, हा प्रश्न त्यांच्या हकीकतीत स्पष्ट दिसतो.

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ याने १८३० साली अमेरिकेत केली. पुढे छळाला कंटाळून हे लोक ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली १८४७ साली यूटातील खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात जाऊन राहिले. ह्या पंथात पगारी पुरोहितवर्ग नव्हता. नांगर धरणारा शेतकरी किंवा हत्यार चालविणारा कारागीर यालाच एके दिवशी सभेत नाव पुकारून परदेशी जाण्याची आज्ञा होई, आणि तो बायकामुले मागे ठेवून निघे. ऑगस्ट १८५२ च्या सभेत अशीच काही नावे हिंदुस्थानासाठी पुकारण्यात आली. ही मंडळी जानेवारी १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'मॉन्सून' नावाच्या जहाजाने निघाली व सुमारे तीन महिन्यांनी कलकत्त्यास उतरली.

मुंबईस त्यांच्याही आधी एकजण येऊन पोचला होता. ह्यू फिंडले हा तिशीतला स्कॉटिश गृहस्थ सप्टेंबर १८५२ मध्ये येथे आला, आणि पुढील वर्षी त्याचा भाऊ ॲलन त्याला येऊन मिळाला. या प्रचारकांचा नियम असा की, गाठीस पैसा न बांधता, ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांप्रमाणे, लोक देतील त्यावर राहावे. इंग्लंडात हा नियम चालून गेला होता. कारण तेथे यजमानाची व पाहुण्याची भाषा एक, पंगत एक. येथे मात्र तो पदोपदी अडू लागला. भिक्षा मागणारा बैरागी किंवा फकीर आपल्या लोकांस परिचयाचा होता. परंतु भिक्षेवर राहणारा साहेब ही वस्तूच कोणाच्या कल्पनेत बसत नव्हती. गोऱ्या माणसाने बंगल्यात राहावे, नोकर ठेवावेत, असा संकेत ठरून गेला होता. तो ज्याने मोडला, त्याला साहेबलोक आपल्यात घेईनात, आणि जातीचे निर्बंध पाळणाऱ्या एतद्देशीय घरांत त्याचे पान मांडणे शक्यच नव्हते.

काळही प्रतिकूल होता. १८४३ सालच्या श्रीपत शेषाद्री प्रकरणापासून मुंबईतील सुशिक्षित हिंदु घराणी मिशनरी या शब्दानेच सावध होत. त्यात ज्या सभेत या तरुणांची नावे पुकारली गेली, त्याच सभेत बहुपत्नीकत्व हा पंथाचा आचार असल्याचे जाहीर झाले होते. त्याचा बोभाटा इकडे पोचताच इतर ख्रिस्ती पंथांनीही यांच्यावर शस्त्र धरले. (हा आचार पंथाने पुढे १८९० साली सोडून देण्याचे जाहीर केले.) वर्तमानपत्रांतील टीकेस उत्तरादाखल पत्रके लिहिणे हा फिंडलेच्या रोजच्या कामाचा एक भाग होऊन बसला.

१८५३ साली फिंडले पुण्यास गेला. त्या वर्षी मुंबईहून निघालेली आगगाडी ठाण्यापर्यंतच जात होती; ती कल्याणास पोचली मे १८५४ मध्ये. पुण्यास जाणारा मनुष्य सामान्यतः होडीने पनवेलीस उतरे व तेथून बोरघाट चढून जाई. पुण्यास त्याची भिस्त होती ती छावणीतील गोऱ्या शिपायांवर, कारण त्यांची भाषा त्याला येत होती. परंतु छावणीत उपदेश करण्यास लष्करी अधिकाऱ्यांनी मनाई केली. शहरात जावे तर मराठी येत नाही, छावणीत जावे तर पहाऱ्यावर अडवितात, अशा कात्रीत सापडूनही त्याने पुण्यास एक लहानशी मंडळी स्थापिली, हे त्याच्या चिकाटीचे द्योतक होय.

परंतु खरी अडचण याहून खोल होती. त्या काळी मॉर्मन होणाऱ्याचे कर्तव्य बाप्तिस्म्याने संपत नसे. त्याने स्वदेश सोडून यूटास, आपल्या नव्या सियोनास, जाऊन राहावे अशी अपेक्षा असे. शिपायास नोकरी सोडता येत नव्हती, आणि येथील गृहस्थास गाव, शेत, भाऊबंद सोडून समुद्रापार जाणे म्हणजे जिवंतपणी मरणेच होते. जो स्वतः जाण्यासाठी आला होता, तो इतरांनाही जाण्याचाच उपदेश करीत होता. १८५५ साली फिंडले बंधू येथून परतले. मे १८५६ मध्ये कल्याणच्या पुढचा लोहमार्ग अंबरनाथ-बदलापुरावरून खोपोलीपर्यंत खुला झाला, तोवर हा प्रयोग आटोपला होता.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. १८१३ साली गॉर्डन हॉल हा अमेरिकन तरुण मुंबईस आला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने मराठी आत्मसात केली, त्याच्या मिशनने छापखाना काढला, आणि तेरा वर्षांनी, २० मार्च १८२६ रोजी, नाशिककडील प्रवासात पटकीच्या रोग्यांना औषध वाटता वाटता तो त्याच रोगाने वारला. जॉन विल्सन चोविसाव्या वर्षी १८२९ साली आला. त्याने पहिले महिने कोकणात मराठी शिकण्यात घालविले, आणि १८७५ साली मुंबईसच देह ठेवला. यांच्याही पदरी अनुयायी थोडेच पडले. परंतु अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी काम केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला, हे ज्यास ठाऊक आहे, तो त्या राहिलेल्या वर्षांना निष्फळ म्हणणार नाही. धर्म न घेताही आपल्या समाजाने त्यांच्यापासून पुष्कळ घेतले; कारण ते येथे राहिले, व मराठीत राहिले.

मॉर्मनांपैकी एमॉस मिल्टन मसर व ट्रूमन लेनर्ड हे दोघे १८५४ साली कराचीस गेले. तेथेही त्यांचे पाय ठरले नाहीत. पुढे शंभर वर्षे भरण्यापूर्वीच सिंधमधून उलटा ओघ वाहिला. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे कल्याणजवळील महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील वस्त्या अद्याप कँप एक, कँप दोन अशाच ओळखल्या जातात. या लोकांनी कोणास उपदेश केला नाही. परत जाण्यास घर उरले नव्हते, म्हणून त्यांनी दुकान मांडले, गिऱ्हाइकाची भाषा उचलली, आणि शके ९८२ चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवालयापासून बदलापूरपर्यंतच्या गावांशी रोजचा व्यवहार जोडला. परका मनुष्य मुलखाचा होतो तो असा.

मॉर्मन पंथाने स्वतःही हा धडा घेतलेला दिसतो. विसाव्या शतकात त्याने अनुयायांस आपापल्या देशीच राहण्याचा उपदेश चालविला. प्रचारकांच्या आयुष्यालाही आता निश्चित आकार आला आहे. अठरा वर्षे पुरी झालेले मुलगे दोन वर्षे व मुली दीड वर्ष या कामास जातात. पांढरा सदरा, छातीवर काळी नामपट्टी, सोबतीस सदैव एक जोडीदार. पहाटे उठून अध्ययन करावे, दिवसभर लोकांच्या भेटी घ्याव्यात, आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे व पत्रे लिहिणे यांस द्यावा, असा क्रम. घरी दर आठवड्यास बोलण्याची परवानगी त्यांना २०१९ साली मिळाली. खर्च बहुधा स्वतःचा वा कुटुंबाचा असतो.

अशा कोवळ्या वयाच्या मुलाविषयी आपल्या मनात संशय यावा, यात नवल नाही. धर्मांतराचा प्रश्न आपल्या समाजाने सोसलेला आहे. परंतु संशयाबरोबर एक विचारही मनात असावा. घरापासून हजारो कोस दूर, अनोळखी दारे ठोठावून नकार ऐकत हिंडणारा तरुण काय शिकवितो, ते घेणे न घेणे आपल्या स्वाधीन आहे. तो काय शिकून परत जातो, हे मात्र बरेचसे आपल्यावर अवलंबून राहते. फिंडलेसमोर एक दार शिपायाने लावले, तर दुसरे भाषेच्या अभावाने बंद राहिले. पहिले उघडणे आपल्या हाती नव्हते. दुसरे मात्र आपण अतिथीस चार शब्द मराठीचे शिकविले, तर आपला धर्म यत्किंचित न ढळता उघडता येते.