मागच्या दाराचे मिशनरी : विल्यम आणि लूसी शेपर्ड

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गोरा साहेब आणि त्याची मडम उभी राहते. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत पाय ठेवला आणि पुढे नगर जिल्ह्यातील महार-मांगांच्या वस्त्यांपर्यंत त्याचे काम पोचले. त्यामुळे ही प्रतिमा आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतूनच आपल्याकडे आली आहे. मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे वाद घालतात ते दोन टोकांवरून. एका बाजूला तो दीनांचा कैवारी, ज्याने प्रथम पाटी हातात दिली. दुसऱ्या बाजूला तो साम्राज्यवादाचा हस्तक, ज्याने बाटवले. गंमत अशी की, दोन्ही पक्षांच्या लेखी तो गोराच असतो आणि देणाराच असतो. परंतु जो स्वतःच घेणाऱ्यांच्या रांगेत जन्मला, ज्याच्या जातीला माणूस म्हणून नाकारले गेले, तो मिशनरी होऊन परक्या मुलखात गेला तर काय घडते? विल्यम हेन्री शेपर्ड आणि लूसी गँट शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन दांपत्याचा इतिहास या प्रश्नासाठी तपासण्यासारखा आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी जे औदार्य दाखवले, त्याच्या सन्मानार्थ ही अर्पणपत्रिका होती. त्या वर्षी विल्यम आठ वर्षांचा आणि लूसी सहा वर्षांची होती. जोतीरावांनी ज्यांच्या मुक्तीचे स्वागत केले, त्यांच्यातलीच ही दोन मुले. पण मुक्ती म्हणजे काय, हे त्यांना पुढच्या वीस वर्षांत कळायचे होते. १८७७ साली दक्षिणेतील संघराज्याच्या फौजा मागे घेण्यात आल्या. त्यानंतर मतदानाचा हक्क टप्प्याटप्प्याने हिरावला गेला, झुंडींनी माणसे झाडाला लटकवली आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हा न्याय देऊन अस्पृश्यतेला कायद्याची झूल चढवली. गावकुसाबाहेरचे ‘वेगळे’ कधी ‘समान’ असते का, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

विल्यमचा जन्म १८६५ साली व्हर्जिनियातील वेन्सबरो या गावी झाला. आई जन्माने स्वतंत्र होती, म्हणून मूलही स्वतंत्र. वडील न्हावी होते. पंधराव्या वर्षी तो हॅम्प्टन येथील संस्थेत दाखल झाला. दिवसा मजुरी आणि रात्री शाळा, असा तिथला क्रम. रात्रशाळेचे काम बुकर टी. वॉशिंग्टन पाहत. हॅम्प्टनची स्थापना १८६८ साली जनरल आर्मस्ट्राँग यांनी केली होती. ते स्वतः हवाई बेटांवरील मिशनऱ्यांचे पुत्र. काळ्या मुलांना हातकाम, काटकसर, स्वच्छता आणि नम्रता शिकवावी, राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूला ठेवावा, हे त्या शिक्षणाचे सूत्र होते. म्हणजे शिक्षण द्यायचे, पण शिकलेल्याने मान वर करायची नाही. आपल्या बोर्डिंगांतून वाढलेल्या पिढीला हे सूत्र ओळखीचे वाटेल. हॅम्प्टननंतर विल्यमने टस्कलूसा येथे दक्षिणी प्रेस्बिटेरियन मंडळीने काळ्या पाळकांसाठी काढलेल्या संस्थेत धर्मशिक्षण घेतले आणि १८८८ साली त्याला पाळकाची दीक्षा मिळाली.

लूसीची घडण निराळी. तिचा जन्म १८६७ साली टस्कलूसातच झाला. आईने एकटीने, गोऱ्यांच्या घरी कामे करून तिला वाढवले. अकराव्या वर्षी तिला टॅलडेगा कॉलेजात पाठवण्यात आले. हे कॉलेज मुक्त झालेल्या गुलामांच्या पुढाकाराने उभे राहिले होते, आणि त्याचे सालही १८६७ च. लूसीचा गळा गोड होता. फिस्क जुबिली सिंगर्सच्या परंपरेतील एका गायनमंडळीबरोबर ती काही काळ फिरली, मग शिक्षिका झाली. विल्यमशी तिचे लग्न ठरले ते तो टस्कलूसात शिकत असताना. लागले मात्र १८९४ साली. मधली वर्षे ती शाळेत शिकवीत राहिली. मिशनच्या चरित्रग्रंथांत या वाट पाहण्याचा उल्लेख निष्ठेचा नमुना म्हणून होतो. ती स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, पगार मिळवणारी स्त्री होती, ही गोष्ट ओझरती येते.

विल्यमने आफ्रिकेत जाण्यासाठी अर्ज केला. मंडळीचे वरिष्ठ टोलवाटोलवी करीत राहिले. अखेर तो स्वतः बाल्टिमोरला जाऊन धडकला तेव्हा खरे कारण कळले. काळा माणूस एकटा पाठवता येणार नाही. त्याच्यावर गोरा वरिष्ठ हवा. हा वरिष्ठ मिळेपर्यंत दोन वर्षे गेली. मिळाला तो सॅम्युएल लॅप्स्ली, विल्यमहून वर्षाने लहान, अलाबामातील एका न्यायाधीशाचा मुलगा. या न्यायाधीशाचे जुने वकिली भागीदार म्हणजे सिनेटर जॉन टायलर मॉर्गन. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या काँगोवरील दाव्याला अमेरिकेने १८८४ साली मान्यता द्यावी म्हणून याच मॉर्गनने खटपट केली होती. त्यामागचा त्याचा हिशेब सरळ होता. दक्षिणेतील काळे लोक उचलून आफ्रिकेत नेऊन टाकता आले तर त्यांच्या हक्कांची कटकटच मिटेल. म्हणजे विल्यम ज्या वाटेने सेवा करायला निघाला, ती वाट त्याच्या जातीला देशाबाहेर घालवू पाहणाऱ्यांनी तयार केलेली होती.

१८९० च्या फेब्रुवारीत दोघे निघाले. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की, वरिष्ठ-कनिष्ठाचे हे नाते प्रवासात टिकले नाही. जंगलात, आजारपणात, एकाच नावेत त्यांची मैत्री झाली. १८९१ साली कसाई नदीच्या खोऱ्यात लुएबो येथे त्यांनी ठाणे उभारले. पुढच्याच वर्षी लॅप्स्ली तापाने मातादी बंदरात वारला. मंडळीला जो एकटा पाठवायचा नव्हता तो आता एकटाच उरला होता.

त्याच वर्षी तो कुबा राज्याच्या राजधानीत पोचला. परक्याला तिथे येण्यास बंदी होती; वाट दाखवणाऱ्याला देहदंड होता. विल्यम कुबांची भाषा शिकला होता. गावोगावी अंडी विकत घ्यायला माणूस धाडायचा आणि त्याच्या मागोमाग आपण जायचे, असे करीत तो पुढे सरकला. कुबांनी त्याला आपल्या एका मृत राजाचा अवतार मानले. त्याने तिथे जे पाहिले ते गोऱ्यांच्या ‘रानटी आफ्रिका’ या कल्पनेत बसणारे नव्हते. राज्यव्यवस्था, न्यायनिवाडा, राफिया झाडाच्या धाग्यांचे मखमलीसारखे विणकाम, लाकडावरील नक्षी हे सारे त्याने टिपून ठेवले, वस्तू गोळा केल्या. १८९३ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सदस्यत्व देऊन गौरवले.

काँगोतील लोक मात्र त्याला म्हणत, ‘मुंदेले न्दोम’. अर्थ, काळा गोरा. कातडी आपली, पण कपडे, बंदूक, धर्म आणि सत्ता त्यांची. आपल्याकडे शिकून वर गेलेल्याला ‘दलित ब्राह्मण’ म्हणतात. या दोन शब्दांमधील साम्य बोचणारे आहे.

१८९४ साली लूसी काँगोत आली. तिच्याबरोबर आणखीही कृष्णवर्णीय मिशनरी आले. त्यांतील मारिया फिअरिंग या बाई गुलामगिरीत जन्मल्या होत्या, वयाची पन्नाशी उलटली होती आणि प्रवासखर्चासाठी त्यांनी आपले घर विकले होते. लूसीने लुएबोत घर मांडले, शाळा घेतली, बायकांना शिवण शिकवले, स्थानिक भाषेत भक्तिगीते भाषांतरित केली. त्या भाषेतील सर्वांत आधी छापल्या गेलेल्या मजकुरात या गीतांचा समावेश होतो. पुढे इबांची येथेही काम केले. तिच्या कामात टॅलडेगाची शिकवण स्पष्ट दिसते. खिडकीला पडदे, टेबलावर चादर, अंगभर कपडे : ‘आदर्श ख्रिस्ती घर’ म्हणजे काय, हे ती स्वतःच्या संसारातून दाखवू पाहत होती. या साऱ्यात आफ्रिकन जीवनाला कमी लेखणे होतेच, ते झाकण्याचे कारण नाही. परंतु जिच्या आईने दुसऱ्यांच्या घरातील टेबले पुसली, तिला स्वतःच्या टेबलावर चादर घालावीशी वाटली तर तिला केवळ ‘पाश्चात्त्यांची नक्कल’ म्हणून मोडीत काढणाऱ्या पंडितांनी कधी कुणाच्या घरची भांडी घासलेली नसतात.

तिथे तिच्या दोन मुली तान्हेपणीच गेल्या. तिसरी, विल्हेल्मिना, आजारी पडली तेव्हा तिला घेऊन लूसी अमेरिकेत परतली, मुलीला नातेवाइकांकडे ठेवले आणि पुन्हा काँगोत आली. मंडळीच्या अहवालात मुलांचे मृत्यू ‘त्याग’ या एका शब्दात मिटतात.

आता मुख्य घटना. १८८५ ते १९०८ या काळात काँगो ही लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होती. रबराची मागणी वाढली तशी गावागावांवर सक्ती बसली. सैनिकाने काडतूस वाया घालवले नाही याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात तोडून दाखवायचा, अशी हिशेबाची पद्धत पडली. १८९९ साली सरकारच्या वतीने करवसुली करणाऱ्या झाप्पो झाप टोळ्यांनी लुएबोजवळच्या मुलखात कत्तल केली. गोऱ्या सहकाऱ्याने, विल्यम मॉरिसनने, चौकशीसाठी शेपर्डला पाठवले. जीव मुठीत घेऊन तो गेला. टोळीचा म्होरक्या त्याला ओळखत होता. त्याने अभिमानाने सगळे दाखवले. शेकोटीवर हात वाळत घातले होते. शेपर्डने ते मोजले. एक्याऐंशी उजवे हात.

हॅम्प्टनने त्याला नम्रता शिकवली होती, तशीच नोंद ठेवायलाही शिकवली होती. त्याने नुसते ‘पुष्कळ हात’ असे लिहिले नाही. आकडा लिहिला, माणसांची नावे लिहिली, कुठे काय पाहिले ते लिहिले. हे वृत्त १९०० साली मिशनच्या आणि हॅम्प्टनच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. १९०४ साली एडमंड मोरेल यांनी काँगो सुधार संघटना उभी केली. तिने जगभर जे पुरावे मांडले त्यांत हा एक महत्त्वाचा पुरावा ठरला. मार्क ट्वेनने लिओपोल्डवर जो उपहास लिहिला त्यातही शेपर्डचा उल्लेख आहे.

१९०८ साली शेपर्डने मिशनच्या लहानशा पत्रकात आणखी एक लेख लिहिला. पूर्वी धष्टपुष्ट, शेतीभाती करणारे, घरे नीटनेटकी ठेवणारे कुबा लोक रबराच्या सक्तीने कसे उद्ध्वस्त झाले, याचे ते साधे वर्णन होते. कसाईत रबराचा मक्ता घेतलेल्या कंपनीने शेपर्ड आणि मॉरिसन यांच्यावर बदनामीचा दावा लावला. खटला १९०९ साली लिओपोल्डव्हिल येथे चालला. बेल्जियन समाजवादी पक्षाचे पुढारी एमिल व्हँडरव्हेल्डे एक पैसाही न घेता त्यांच्या बचावासाठी आले. धर्मप्रचारकाच्या बाजूने समाजवादी उभा राहतो, ही घटना आपल्याकडच्या ‘आधी वर्ग की आधी जात’ या वादात गळ्यापर्यंत बुडालेल्या मित्रांनी ध्यानात घ्यावी. मॉरिसनवरील दावा तांत्रिक कारणाने बाहेर निघाला. शेपर्ड निर्दोष सुटला. निकालाची युक्ती मात्र पाहण्यासारखी आहे. लेखात सशस्त्र पहारेकऱ्यांचा उल्लेख होता आणि कंपनीच्या नियमांत असे पहारेकरी ठेवण्यास मनाई होती. तेव्हा लेख या कंपनीविषयी नव्हताच, असे न्यायाधीशांनी ठरवले. कंपनीही निर्दोष, लेखकही निर्दोष. दोषी कोणीच नाही.

१९१० साली शेपर्ड दांपत्य काँगो सोडून आले. त्यामागे आणखी एक कारण होते आणि ते मिशनने बराच काळ दडवून ठेवले. विल्यमने काँगोतील स्त्रियांशी आलेल्या विवाहबाह्य संबंधांची मंडळीपुढे कबुली दिली होती. त्याला वर्षभरासाठी पाळकपदावरून दूर करण्यात आले. गौरवग्रंथ लिहिणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची वाटते. पण तिचा भार ज्यांनी उचलला त्या त्या स्त्रिया होत्या आणि लूसी होती, आणि त्यांपैकी कोणाची साक्ष मंडळीने घेतलेली दिसत नाही. एक्याऐंशी हात मोजणाऱ्या माणसाच्या चरित्रातही न मोजलेले काही राहतेच.

लिओपोल्डविरुद्ध बोलणारा हा माणूस मायदेशी येऊन काय बोलत असे? मोठमोठ्या सभांतून त्याची भाषणे होत. गोरे श्रोते कुबा राजाच्या कथा टाळ्या वाजवून ऐकत. मात्र अलाबामात, जॉर्जियात माणसे जिवंत जाळली जात होती, त्यावर तो व्यासपीठावरून तोंड उघडत नसे. वेन्सबरोतील एका गोऱ्या बाईने त्याची जी आठवण सांगितली, तिचा आशय असा की, आफ्रिकेहून परतल्यावरही तो आपली पायरी विसरला नाही. घरी यायचा तो मागच्याच दाराने. राजाच्या दरबारात सन्मानाने बसलेला, लंडनच्या विद्वानांनी गौरवलेला माणूस गावात परड्याच्या दाराने आत जातो, आणि गाव त्याला ‘चांगला’ म्हणते. आपल्यातील किती जण शहरात प्राध्यापक, अधिकारी म्हणून मिरवतात आणि गावी गेल्यावर वाड्याच्या पायरीशी घुटमळतात!

याला भित्रेपणा म्हणून मोकळे होता येईल. मी तसे म्हणणार नाही. दूरच्या राजाविरुद्ध बोलताना त्याच्या पाठीशी मंडळी होती, इंग्रजी वृत्तपत्रे होती, वकील होता. घरच्या राजाविरुद्ध बोलताना त्याच्या पाठीशी कोण होते? पगार देणारी मंडळीच गोरी होती. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवर लिहिताना अशाच दुखण्यावर बोट ठेवले आहे. चर्चमध्ये जात शिल्लक राहते आणि मिशनच्या आश्रयाला असलेला शिक्षित वर्ग अन्यायाविरुद्धच्या लढ्यात उतरत नाही, ही त्यांची तक्रार होती. शेपर्डच्या बाबतीत ही तक्रार अर्धी खरी ठरते. तो लढ्यात उतरला, पण घरापासून हजारो मैलांवर. ज्या संस्थेने बोलण्याचे बळ दिले तिनेच कुठे बोलायचे त्याची हद्दही आखून दिली.

पुढे वसाहतवाद्यांना काळे मिशनरी नकोसे झाले, मंडळीनेही त्यांना काँगोत पाठवणे जवळजवळ थांबवले. काळा साक्षीदार महागात पडतो, हे सर्वांच्या ध्यानात आले होते.

१९१२ पासून शेपर्ड केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात काळ्यांच्या वस्तीतील लहान मंडळीचा पाळक होता. तिथेच तो १९२७ साली वारला. लूसी त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. त्या वस्तीत तिने समाजकार्य केले, मंडळीच्या गायनवर्गाला गाणी शिकवली. विल्यमने कुबा राज्यातून आणलेली वस्त्रे, पेले आणि चटया हॅम्प्टनच्या संग्रहालयात आहेत. ज्या संस्थेने काळ्या मुलाला तुझ्याजवळ काही नाही, सगळे आम्हीच देणार, असे शिकवले, त्याच संस्थेच्या भिंतीवर आज आफ्रिकेतील विणकरांचे काम टांगलेले आहे, आणि काळ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ते पाहत आल्या आहेत.