हिरव्या पागोट्याची पलटण

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बहुतेक सगळे लिहितील, म्हणून मी जरा वेगळा विषय घेते आहे. आपल्या वर्गाच्या हजेरीपटावरच्या बऱ्याच आडनावांशी त्याचा संबंध आहे. इतिहासाच्या तासाला तो आपल्याला कुणी शिकवला नाही, यात सरांचा दोष नाही. तो पुस्तकातच नव्हता. पुस्तकात १८५७ म्हणजे मेरठ, कानपूर, झाशी. आपल्या आजोबा डोंगराच्या पलीकडे त्या वर्षी काय चाललं होतं, ते मला चाळिशीनंतर कळलं.

सुरुवात भाच्याच्या जात पडताळणीच्या कागदांपासून झाली. ती धावपळ तुमच्यापैकी कितीतरी जणांनी केली आहे. जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आमच्या आजोबांची नोंद सापडली. जातीच्या रकान्यात 'कोळी महादेव' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. समितीपुरतं तेवढं पुरेसं होतं. मला मात्र त्याच्या मागे जायचं होतं आणि मागे कागदच नव्हता, कारण पणजोबा शाळेत गेलेच नव्हते.

त्याच दिवसांत कंपनीतला एक अमेरिकन सहकारी सांगत होता की, त्यांच्या यादवी युद्धात त्याचा पूर्वज मिसूरीतल्या गावरक्षक दलात होता. हजेरीपट संगणकावर आहेत. नाव टाकलं की पलटण, भरतीची तारीख, सगळं पुढ्यात. मी रोज डेटाबेसमध्येच काम करते, त्यामुळे मला त्याचा हेवा वाटला हे कबूल करते. माझ्याकडे शोधायला होतं फक्त आजीचं एक वाक्य. आपल्या सासऱ्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या खापरपणजोबांना, ती 'पलटणीवाले बाबा' म्हणायची. "हिरवं पागोटं बांधायचे. घाटावर होते तवा पलटणीत होते." एवढंच. आम्ही मुलं हसायचो, कारण आमच्याकडे हिरवं पागोटं कुणी बांधलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्या हिरव्या रंगाचा पत्ता मला इंग्रज सरकारनं १८८४ साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये लागला. महादेव कोळ्यांवरच्या मजकुरात 'कोळी कोअर' नावाच्या सहाशे माणसांच्या पलटणीची हकिगत आहे. तिचा गणवेश असा: गडद हिरवं पागोटं, गडद हिरवा अंगरखा, रक्तासारखं तांबडं गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि पायात वहाणा. वाचता वाचता मी उठून उभी राहिले.

पलटण उभी राहण्याचं कारण असं. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी नगरचे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री यांना ठार केलं. हे भागोजी नाईक आधी नगरच्या पोलिसातच नोकरीला होते. उठाव पसरू लागला. दऱ्याखोऱ्यांत साहेबाच्या फौजेचं चालेना, म्हणून वर्षअखेरीस कॅप्टन नटॉल यांनी घाटमाथ्यावरच्या डोंगरपट्ट्यातून महादेव कोळी भरती करायला घेतले.

गॅझेटिअर लिहिणारा साहेब या माणसांवर खूश दिसतो. तंबू नाही, सामानाची खेचरं नाहीत, प्रत्येकाचा सगळा संसार पाठीवरच्या पिशवीत. स्वयंपाकाची भांडी चालताना आपसात वाटून घ्यायची. हत्यारं, दारूगोळा आणि शिधा घेऊन दिवसाला तीस-चाळीस मैल चाल. तीस मैल म्हणजे साधारण किन्हवलीहून कल्याण, आणि तेही कड्याकपाऱ्यांतून. मुक्कामाला पोचलं की आधी बंदूक साफ करायची, मग बाकीचं. त्यांच्या उसळत्या चालीला त्यानं स्कॉटलंडच्या डोंगरी सैनिकांची उपमा दिली आहे. अडीच वर्षांच्या कामगिरीत सरकारनं पाच वेळा त्यांचे खास आभार मानले. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरला भागोजी नाईक मारले गेले. त्यानंतरही सुरगाणा, पेठ, डांग, खानदेशच्या हद्दीवर पलटणीची ठाणी होती. मार्च १८६१ मध्ये ती मोडली. थोडे पोलिसात गेले, बाकीचे शेतीवर परतले.

आमच्या घरी सांगतात की, पलटणीवाले बाबा त्यानंतर घाट उतरून डेहण्याच्या बाजूला आले. थळ घाटातली रेल्वे १८६५ साली सुरू झाली. तिच्या कामावर त्यांनी काही दिवस माती वाहिली म्हणे.

हे सगळं मी उत्साहानं काकांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बाय, हे छापू नको." त्यांचं म्हणणं मला कळत होतं. राघोजी भांगरे आपले. २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात यात्रेकरूच्या वेषात असताना ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांची जयंती-पुण्यतिथी आपण करतो. मग दहाच वर्षांत आपलाच माणूस साहेबाच्या गणवेशात, तोही भिल्लांवर बंदूक रोखून? "लोक काय म्हणतील?"

मी काकांशी वाद घातला नाही, पण पुढे वाचत राहिले. ज्या डिसेंबरात नटॉल माणसं जमवत होते, त्याच डिसेंबरात पेठ संस्थानात कोळी आणि ठाकूर उठले होते. हरसूल आणि पेठ लुटलं गेलं आणि तिथल्या भगवंतरावांना फाशी झाली. म्हणजे एकाच महिन्यात आपली माणसं दोन्ही बाजूंना होती. आणि पलटण मोडून पंधरा वर्षं होण्याच्या आत पुणे जिल्ह्यातल्या जांबुरीचे होन्या केंगले सावकारांची नाकं कापत डोंगरात फिरत होते. राघोजींचाही राग सावकारांवरच होता. मला वाटतं, कोळी डोंगरात उठण्याआधी त्यांना पगारावर घ्यावं, हा सरकारचा हिशेब होता. बाबांचा हिशेब बहुधा याहून साधा होता. महिन्याला रोख पगार आणि दाराशी सावकार नाही. तो पगार बंद झाल्यावर सावकार पुन्हा आलाच. फितूर हा शब्द त्यांना मी लावू शकत नाही. शूरवीरही म्हणत नाही, कारण समोरचे भिल्लही त्यांच्यासारखेच उपाशी होते.

गॅझेटिअरमध्ये शिपायांची नावं नाहीत. एका पागोट्याच्या रंगावरून मी नातं सिद्ध झालं असं म्हणणार नाही. आमच्या क्षेत्रात याला जुळणी म्हणतात, पुरावा नव्हे. पण शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजीला १८८४ चं इंग्रजी पुस्तक कुणी वाचून दाखवलं नव्हतं, हेही खरं.

शेवटी काकांनी एका अटीवर परवानगी दिली. वंशावळीत बाबांच्या नावापुढे फक्त 'कोळी पलटणीत होते, १८५८ ते १८६१' एवढंच लिहायचं, पुढे-मागे विशेषण नको. तसंच लिहिलं आहे. तारखांपुढे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.

आता एक काम तुमच्यासाठी. डोळखांब, शेणवे, टोकावडे, मोरोशी या पट्ट्यातल्या वर्गमित्रांच्या घरी ऐंशी-नव्वदीची माणसं अजून आहेत. त्यांना 'पलटण' हा शब्द टाकून बघा. हिरवं पागोटं, तांबडं धोतर, नटॉलसाहेब, असं काही निघालं तर ते सांगतील त्याच शब्दांत लिहून घ्या आणि आपल्या ग्रुपवर टाका. मी यादी करायला घेतली आहे. सध्या तिच्यात एकच नाव आहे.