पांढरीतली भुते : किल्लारीचा भूकंप आणि आमचे जुने गाव

#थ्रेड

गेल्या महिन्यात एका मित्राने मला एक व्हिडिओ पाठवला. रात्रीचे अवशेष, हिरवट प्रकाश, दबक्या आवाजातले निवेदन : "अमावास्येच्या काळ्याकुट्ट रात्री हे गाव एका क्षणात गाडले गेले. आजही येथे किंकाळ्या ऐकू येतात." पडद्यावर जी अर्धी भिंत दिसत होती ती मी ओळखली. ती आमच्या वाड्याची होती.

गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. असले व्हिडिओ करणाऱ्यांना आणखी एक पत्ता मिळावा अशी इच्छा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतली 52 गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. तेरणा नदीच्या खोऱ्यातले आमचे गाव त्यांपैकी एक, एवढे पुरे.

प्रथम अमावास्येचे पाहू. भूकंप झाला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी. आदली तिथी अनंत चतुर्दशी. गावोगावी गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. म्हणजे ती पौर्णिमेची पहाट होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पंचांगही उघडून पाहावे, असा माझा आग्रह असतो तो यासाठीच. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागला. आमच्या गावातल्या बहुतेक घरांत आजही श्राद्धाची तिथी एकच असते.

भूकंपाची तीव्रता 6.2 होती. अधिकृत मृतांचा आकडा 7,928. जखमी सुमारे 16 हजार. त्या काळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, कठीण खडक, येथे असे काही घडत नाही, ही समजूत अभ्यासकांचीही होती. 2002 च्या नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

मात्र जमीन त्या पहाटे अगदीच अनपेक्षित बोलली, असेही नाही. 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या आसपास लहान धक्क्यांची मालिका चालू होती. 18 ऑक्टोबर 1992 चा धक्का त्यांत सर्वांत मोठा. तेव्हा लोक अंगणात, शेतात झोपू लागले. आजी सांगते की आमचे घरही महिनाभर खळ्यात निजत होते. मग थंडी वाढली, धक्के थांबले, रब्बीची कामे आली, आणि सगळे पुन्हा आत गेले. आत जाण्याचा निर्णय कोणी घेतला, हे मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "निर्णय कसला बाई. थंडी वाजली की माणूस घरात जातं."

आता या थ्रेडचा खरा विषय : ते घर.

आमच्याकडच्या जुन्या घरांना माळवद असे. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फुटांच्या, कुठे त्याहूनही रुंद. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि मध्ये चिपा व चिखलाची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड बहुधा नसत. दगडही काळे, गोलसर, एकमेकांत न बसणारे. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर. ही माती गावठाणातली, म्हणजे पांढरीतली, कारण ती पाणी धरत नाही. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकायची, हा घरोघरचा रिवाज. जुनी काढली जातेच असे नाही. म्हणजे पिढ्यानुपिढ्या छप्पर जड होत जाई. उन्हाळ्यात घर थंडगार राही. आमच्या पूर्वजांना हवामान उत्तम कळत होते. हादरा त्यांच्या हिशेबात नव्हता, आणि तो असावा असे त्यांना सांगणारेही कोणी नव्हते.

हादरा बसल्यावर भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि काही टन माती निजलेल्या माणसांवर आली. कित्येकांचा मृत्यू दगडाने झाला नाही, मातीत गुदमरून झाला. ज्या घरांचे माळवद भिंतींवर नसून लाकडी खांबांच्या खणांवर तोललेले होते, त्यांपैकी पुष्कळ घरांच्या भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला. आणि गावाच्या कडेला कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली जी झोपडी असे, ती हलली, कलली, पण तिने सहसा जीव घेतला नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. ज्यांची घरे सर्वांत भक्कम समजली जात होती, ती त्या पहाटे सर्वांत घातक ठरली. जिच्यामुळे प्रतिष्ठा होती, त्याच भिंतीने माणसे मारली.

आमच्या वाड्यातली सहा माणसे गेली. आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ, घरातल्या दोन स्त्रिया, दोन मुले. वडील तेव्हा लातूरला अकरावीत होते म्हणून वाचले. आजी ढिगाऱ्याखालून दुपारी निघाली. पुढचे कित्येक दिवस पाऊस लागला. चिता रचायला सरपण कुठून आणणार? घरांच्याच तुळया आणि दारे वापरली. आमच्या वाड्याचा कोरीव दरवाजा कुठे गेला, हे लहानपणी विचारल्यावर वडील उठून बाहेर का गेले होते, ते मला फार उशिरा कळले.

आजीला कोणी काढले? आमच्या घरात ही कथा नेहमी कर्मणी प्रयोगात सांगितली जाई. "आजीला काढण्यात आलं." मी पदव्युत्तर वर्गात मौखिक इतिहासाचे तंत्र शिकू लागले, तेव्हा पहिली मुलाखत आजीचीच घेतली, आणि कर्ता विचारला. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "आपला गडी होता ना."

आमचा सालगडी. त्याची झोपडी गावाच्या कडेला होती, कुडाची. ती वाचली, म्हणून तो वाचला, म्हणून आजी वाचली. दोन ओळींचा हा कार्यकारणभाव आमच्या कुटुंबाच्या इतिहासात तीस वर्षे नोंदलाच गेला नव्हता.

यापुढचा भाग शासकीय कागदांत आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात नव्या घरांचे तीन आकार ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणारे यांना 250 चौरस फूट, त्यावरच्या मध्यम शेतकऱ्यांना 400, आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असणाऱ्यांना 750. जुन्या गावात ज्याचे जेवढे होते, त्या प्रमाणात नव्या गावात. हे धोरण अगदीच निर्दय होते असे मी म्हणणार नाही. ज्यांना आयुष्यात प्रथमच पक्के घर मिळाले त्यांच्या दृष्टीने 250 चौरस फूटही मोठेच होते. पण भूकंपाने एका पहाटेत जी उतरंड उलटी केली होती, ती मोजपट्टीने पुन्हा सुलटी करण्यात आली, एवढे नोंदवणे भाग आहे. आम्हाला 750 मिळाले. गड्याला 250.

मागच्या दिवाळीत मी जुन्या गावठाणात गेले. वेड्या बाभळींनी गल्ल्या भरल्या आहेत. उखळ, पाटा, चौकटीचा दगड अजून सापडतात. रात्र झाली तरी मला कसलीही किंकाळी ऐकू आली नाही. नव्या गावातली माणसेही तेथे भुते असल्याचे सांगत नाहीत. ती तेथे शेळ्या चारतात, 30 सप्टेंबरला दिवा लावतात, म्हाताऱ्या आपल्या चुलीची जागा दाखवतात. भुतांची वार्ता बाहेरून आली, मोबाइलमधून.

माझ्यासोबत त्या गड्याचा मुलगा होता. तो आता पन्नाशीकडे झुकला आहे. भूकंपाच्या वेळी तो वडिलांबरोबर होता, हेही मला तेथेच कळले. व्हिडिओत दिसलेल्या त्या अर्ध्या भिंतीपाशी तो थांबला. हाताने त्याने जमिनीवर एक चौकोन दाखवला, साधारण एका खाटेएवढा.

"इथं सापडली तुमची आजी. टिकाव हुता, पन वापरला न्हाई. लागंल म्हनून. मी आन् बापानं हातानं उकरलं."

मी त्याला त्याच्या वडिलांचे पूर्ण नाव विचारले आणि वहीत लिहून घेतले. येथे ते देत नाही, कारण ते छापण्याची परवानगी मी अजून मागितलेली नाही. घरी आल्यावर वही आजीपुढे ठेवली. तिने चष्मा लावून ते नाव दोनदा वाचले आणि म्हणाली, "आडनाव मला ठाऊकच नव्हतं बघ."