पिंपळे सौदागर : ग्रामनाम व दप्तर

पुण्याच्या वायव्येस मुळा व पवना या नद्यांच्या दुआबांत पिंपळे नांवाचीं तीन गांवें आहेत : पिंपळे गुरव, पिंपळे निलख व पिंपळे सौदागर. तिन्हीं आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत मोडतात. प्रस्तुत लेखक सेवानिवृत्तीनंतर पिंपळे सौदागर येथें राहतो. शहर जवळ, पण त्याचा गलबला दूर. इमारतींभोवतीं बागा व रस्त्यांच्या कडेस झाडें, अशी ही सधन वस्ती आहे. मूळ नगराहून निराळ्या अशा पुरास अमरकोशांत शाखानगर ही संज्ञा आहे, आणि मनुष्यानें लाविलेल्या वनास आराम. विश्रांतिवाचक आराम हा शब्द फारशी असून तो अगदींच निराळा; परंतु या वस्तींत दोन्ही आराम एकत्र नांदतात.

गांवाच्या नांवांतहि संस्कृत व फारशी यांचा असाच शेजार आहे. पूर्वपद पिप्पलवृक्षाचें. उत्तरपद फारशी : सौदा म्हणजे व्यापार, तो करणारा सौदागर. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द विशेषेंकरून घोड्यांच्या व्यापाऱ्यांस लाविलेला आढळतो. एकाच नांवाचीं गांवें जवळ असल्यास हिशेबांत घोटाळा होऊं नये म्हणून उत्तरपद जोडण्याची वहिवाट होती. बुद्रुक व खुर्द हीं त्याचीं परिचित उदाहरणें होत. मात्र उत्तरपदावरून व्यवसाय कळतो, व्यक्ति सिद्ध होत नाहीं. त्यास समकालीन कागदच पाहिजे.

तो कागद आज कोणत्या अवस्थेंत आहे, हें सांगण्याकरितांच हा लेख. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. पुढें हिंजवडीस संगणक-व्यवसाय आला आणि या भागांतील शेतांच्या गृहसंस्था झाल्या. तत्पूर्वींच जुन्या दप्तरांचें व्यावहारिक मोल गेलें होतें. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें व १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटीलकी संपुष्टांत आली. जो रुमाल हक्क शाबीत करण्याकरितां पिढ्यान्‌पिढ्या जपला जात असे, तो केवळ माळ्यावरची अडगळ ठरला. शेवटीं घर पाडतांना माळाहि जातो.

मागें या परिसरांत एक जुनें घर उतरवीत असतां मातीच्या ढिगांत असा एक रुमाल आमच्या दृष्टीस पडला. कागद ओलाव्यानें चिकटून गेले होते; मोडीच्या कांहीं ओळी दिसत, पण पान उलगडूं जातां तुकडे होत. घरमालकांनीं विचारिलें, "गुरुजी, याचा आतां काय उपयोग?" प्रश्न सरळ होता व उत्तर आम्हीं त्यांस वीस वर्षांपूर्वींच द्यावयास पाहिजे होतें. नित्य त्याच रस्त्यानें झाडांच्या सांवलींतून फिरावयास जात असूं. त्या घरीं दप्तर आहे काय, हें विचारण्याचें कधीं सुचलें नाहीं.

दोष आमच्यासारख्या संग्राहकांचाहि आहे. शिक्कामोर्तब असलेली सनद आपण तत्परतेनें उचलतों. जकातीचे, जमाबंदीचे व उचापतीचे बंद मागें राहतात. वस्तुतः सौदागराचा शोध लागण्याचा संभव सनदेपेक्षां अशा क्षुद्र दिसणाऱ्या हिशेबांतच अधिक. कारण व्यापाऱ्याचें नांव, जनावरांची संख्या व येणें रक्कम तेथेंच नोंदली जाते.

याकरितां वाचकांस विनंति अशी : अशा गांवांत राहत असाल तर जुन्या घरांच्या वडीलधाऱ्यांची आधीं गांठ घ्या. रुमाल मिळाल्यास त्यांतील कागद वेगळे करूं नका; कोणत्या घरीं, कोणत्या गांवीं मिळाला तें टिपून ठेवा; मालक देण्यास नाखूष असल्यास निदान छायाचित्रें घ्या. शक, सुहूर किंवा फसली, जें साल असेल तें मूळांत आहे तसेंच उतरून घ्या. मेळ मागाहून घालतां येतो. पिंपळाचीं मुळें भिंती फोडतात म्हणून इमारतीलगत तो कोणी लावीत नाहीं. तो अन्यत्र पुनः लावितां येईल. फाटलेलें पान पुनः लिहितां येणार नाहीं.