एक जाळ, चार पदार्थ

स्वयंपाकाचा इतिहास म्हटला की आपल्याला पंचपक्वान्ने आठवतात. पण त्या पक्वान्नांखालच्या विस्तवालाही इतिहास आहेच की! एकाच जाळावर निरनिराळे पदार्थ एकाच वेळी कसे शिजवावेत, हा प्रश्न घरोघरच्या बायकांनी आणि शिकल्यासवरल्या संशोधकांनीही आपापल्या परीने सोडवला. त्याची ही हकिगत.

प्रथम आपली चूलच पाहू. नाशिक जिल्ह्यात निफाड-येवल्याकडे बाजरी पिकते, इगतपुरी-त्र्यंबककडे भात, तर पेठ-सुरगाण्याला नागली. बाजरीच्या मुलखातली चूल नीट न्याहाळा. चुलीच्या तोंडावर तवा आणि शेजारच्या वैलावर आमटीचे भांडे. वैलाला वेगळे सरपण लागत नाही. चुलीतून वाया जाणारी आच भोकावाटे तिकडे जाते आणि डाळ मंदपणे शिजत राहते. तव्यावरची भाकरी निखाऱ्यापुढे उभी राहून फुगते. आरात वांगे भाजून निघते. जाळ एक, कामे चार! ही युक्ती कोणी कागदावर आखलेली नाही. डोक्यावर मोळी आणणारीला काटकी-काटकीचा हिशेब ठाऊक असतो, त्यातून ती आली.

आता भाताच्या मुलखात, बंगालमध्ये जाऊ. तिथे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक (१८६९–१९१७) नावाचे मोठे हौशी विद्वान होऊन गेले. पुरीच्या जगन्नाथाच्या पाकशाळेत मातीच्या हंड्या एकावर एक रचून महाप्रसाद शिजवतात. त्यावरूनच त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. १९१० साली त्यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. उंच गोल डबा, त्यात थोडे पाणी, आत एकावर एक बसणारे पुडांचे डबे आणि तळाशी कोळशाची लहान शेगडी. एका पुडात डाळ, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात भाजी. कोळसे पेटवून माणसाने खुशाल कामाला जावे. परत येईतो कोळसे विझलेले आणि जेवण तयार!

अन्न करपत कसे नाही? तर पुडांना जाळ लागत नाही, वाफ लागते. उघड्या भांड्यातल्या पाण्याची वाफ साधारण १०० अंशांवर जात नाही, मग करपणार कसे? शिजायला वेळ लागणारी डाळ मात्र तळाशी ठेवायची. पितळी डबे असले तर कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. हे नाशिकच्या तांबट आळीजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको.

हा कुकर मराठी घरांतही आला. एकटा राहणारा कारकून, विद्यार्थी, प्रवासी यांना तो फार सोयीचा पडला. पण बाजरीच्या घरी त्याचे पुरते जमले नाही. कारण साधे आहे: भाकरी वाफेवर होत नाही बरं का! तिला तवा हवा, आच हवी आणि थापणारे हात हवेत. म्हणजे यंत्र कितीही हुशार असले, तरी ते ताटातल्या धान्याला विचारूनच घरात येते.

पुढे १९५९ साली हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे प्रेशर कुकर आपल्या देशात निघू लागले. वाफ कोंडली की उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. अमेरिकेत १९७१ पासून विजेवरचा मंद आचेचा कुकर ‘क्रॉक-पॉट’ या नावाने खपू लागला. तो मात्र इकमिकचाच भाऊ: सकाळी लावा, संध्याकाळी जेवा.

गॅसच्या शेगडीला वैल नाही. म्हणूनच कुकरात खाली डाळ, तिच्यावर भात, त्यावर बटाटे अशी चळत आपण लावतो. वैलाचे निम्मे काम त्या चळतीने घेतले. उरलेले निम्मे, भाकरीचे, अजून त्या घरच्या बाईकडेच आहे. कुकर शिट्ट्या देतो तेव्हा ती बसलेली नसते, परातीपुढे असते.

शिक्षकबंधुभगिनींनो, राजांच्या सनावळ्या मुलांना जरूर शिकवा. पण एकदा त्यांना घरच्या आजीकडून चुलीचे आणि वैलाचे चित्र काढून आणायला सांगा. सरपण कोण आणत असे, धूर कोणाच्या डोळ्यांत जात असे, हेही विचारून येऊ द्या. तोही इतिहासच आहे आणि तो सांगणारी माणसे अजून घरात आहेत.